डेस्कटॉप प्रोग्रॅम नेटवर्कवर का अडखळतो? तीन गृहीतकं आणि त्यांवरचे उपाय

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरं आहेत.)

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय आहे डेस्कटॉपवर चालणारा, नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलणारा प्रोग्रॅम. एक खिडकी, चार बटणं, आणि पलीकडे कुठेतरी सर्व्हर. बिलिंग असो, हजेरी असो, ग्रंथालयाची नोंद असो. असे प्रोग्रॅम लिहिणारे इथे बरेच जण असतील, आणि त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलेलं असणार, "माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय!" ते खरंच चालत असतं. आपल्याकडे का चालतं आणि गिऱ्हाइकाकडे का अडतं, तेवढंच आज बघू.

उदाहरण माझंच घेतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी मी असा प्रोग्रॅम लिहिला होता. सकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे. सभासद नंबर टाकायचा, लिटर आणि फॅट नोंदवायचं, एंटर दाबायचं. नोंद तालुक्याच्या गावातल्या सर्व्हरवर जाणार, तिथून "ठीक" असं उत्तर आलं की पावती छापायची. दर १० दिवसांनी याच नोंदींवरून बिल निघणार. म्हणजे नोंद चुकली की कुणाचे तरी पैसे चुकले.

प्रोग्रॅमचा गाभा तीन ओळींचा होता: जोडणी कर, नोंद पाठव, उत्तर घे. दिसायला अगदी साध्या फंक्शन कॉलसारखा. पण त्यात मी तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. एक, उत्तर लगेच येईल. दोन, ते अख्खं येईल. तीन, उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही. तिन्ही चूक. आणि तिन्ही चुका माझ्या टेबलावर कधीच दिसल्या नाहीत, कारण तिथे क्लायंट आणि सर्व्हर एकाच मशीनवर होते. मध्ये वायरच नाही, तर तुटणार काय?

पहिलं गृहीतक: उत्तर लगेच येईल

खिडकीचा प्रोग्रॅम आतून कसा चालतो? एक थ्रेड असतो, त्याच्यासमोर एक रांग असते. माउस हलला, की दाबली, खिडकी पुन्हा रंगवायची आहे, असे सगळे निरोप त्या रांगेत येतात आणि थ्रेड ते एकेक करून उरकतो. आता बटण दाबल्यावर जो कोड चालतो, त्यातच तुम्ही "उत्तर घे" असं लिहिलंत, तर उत्तर येईपर्यंत तो थ्रेड तिथेच उभा. रांग तुंबते. विंडोज ५ सेकंद वाट बघतं आणि मग खिडकीवर "नॉट रिस्पाँडिंग" लिहून मोकळं होतं. प्रोग्रॅम मेलेला नसतो, तो फक्त वाट बघत असतो.

किती वाट बघतो? सर्व्हरच्या पत्त्यावरून काहीच उत्तर आलं नाही, तर नुसत्या जोडणीसाठी लिनक्स मूळ सेटिंगवर दोन मिनिटांच्या आसपास प्रयत्न करत राहतं. आणि जोडणी झाल्यावर समोरचा गप्प झाला, तर? तुम्ही टाइमआउट दिला नसेल तर "उत्तर घे" ही ओळ अनंतकाळ थांबू शकते. "कीप-अलाइव्ह आहे की" असं काही जण म्हणतात. तो आधी चालू करावा लागतो, आणि चालू केला तरी त्याची मूळ वेळ २ तासांची आहे. तोवर दूध नासेल.

यातली खरी मेख वेगळीच आहे. खिडकी हँग झालेली असताना माणूस काय करतो? पुन्हा एंटर दाबतो. पुन्हा दाबतो. ते एंटर वाया जात नाहीत, रांगेत साठतात. थ्रेड मोकळा झाला की एकामागून एक उरकले जातात. माझ्या केंद्रावर एका किटलीच्या तीन-तीन नोंदी झाल्या, त्या अशा.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो, पाळला जात नाही. नेटवर्कचं काम वेगळ्या थ्रेडवर. जावा स्विंगमध्ये स्विंगवर्कर आहे, सी शार्पमध्ये असिंक-अवेट आहे, क्यूटीमध्ये सिग्नल-स्लॉट आहेत. पण तीन पथ्यं सांभाळा. पहिलं, त्या वेगळ्या थ्रेडमधून खिडकीतल्या लेबलला, टेबलला हात लावायचा नाही. निकाल मुख्य थ्रेडकडे सोपवायचा, रंगवायचं काम त्याचं. दुसरं, काम सुरू होताच बटण बंद करायचं आणि "पाठवत आहे" असं स्पष्ट दाखवायचं. तिसरं, जोडणीला आणि वाचनाला, दोन्हीला टाइमआउट द्यायचा.

दुसरं गृहीतक: उत्तर अख्खं येईल

टीसीपीचं मानक १९८१ सालचं आहे, २०२२ मध्ये ते नव्यानं एकत्र लिहिलं गेलं. दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच: टीसीपी बाइटांचा प्रवाह देतं. बाइट क्रमानं देण्याची जबाबदारी त्याची. "निरोप" नावाची गोष्ट मात्र त्याला माहीतच नाही.

दुधाचंच उदाहरण घ्या. तुम्ही टँकरमध्ये १० लिटरचे दोन कॅन ओतलेत. पलीकडे नळ सोडून बघणाऱ्याला पहिला कॅन कुठे संपला ते कळेल का? तसंच आहे हे. तुम्ही दोनदा पाठवलंत म्हणून पलीकडे दोनदाच येईल असं नाही. दोन्ही एकत्र येतील, किंवा एकच निरोप तीन तुकड्यांत येईल. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये साधारण १५०० बाइट मावतात, तर लिनक्सच्या अंतर्गत लूपबॅकवर ही मर्यादा ६५५३६ आहे. म्हणून घरी अख्खा निरोप एका घासात येतो आणि आपण म्हणतो, "जमलं!"

आपल्याला मराठीत काम करताना याचा जास्तच फटका बसतो. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर १ बाइटचं, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. मात्रा, हलन्त हे सुद्धा वेगळं चिन्ह. "पुणे" म्हणजे प, उकार, ण, मात्रा: १२ बाइट. "कोल्हापूर" २७ बाइट. आता तुम्ही १०२४ बाइटांचा बफर घेऊन वाचताय आणि प्रत्येक तुकडा लगेच अक्षरांत बदलताय. मजकूर सलग देवनागरी असेल तर १०२४ मध्ये ३४१ चिन्हं बसतात आणि १ बाइट उरतो. ते ३४२ वं चिन्ह मधोमध कापलं गेलं. पडद्यावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, आणि आपण फाँटला शिव्या घालत बसतो! इंग्रजी मजकुरात हा दोष लपून राहतो, कारण तिथे कुठेही कापलं तरी अक्षर शाबूत.

उपाय: निरोपाची हद्द आपणच ठरवायची. सोपा मार्ग म्हणजे आधी ४ बाइटांत लांबी पाठवा, मग मजकूर. वाचणाऱ्यानं ४ बाइट पुरे होईपर्यंत वाचायचं, मग तितके बाइट जमेपर्यंत वाचत राहायचं, आणि सगळे जमल्यावरच अक्षरांत बदलायचं. लांबीला कमाल मर्यादा घाला, कारण ४ बाइटांत ४ जीबीपर्यंतचा आकडा बसतो आणि चुकीचा आकडा आला तर प्रोग्रॅम तेवढी मेमरी मागायला निघेल. पाठवतानाही तेच: पायथनमधलं साधं "सेंड" सगळे बाइट पाठवेलच असं नाही, "सेंडऑल" वापरा. आणि वाचताना शून्य बाइट आले तर त्याचा अर्थ "अजून काही आलं नाही" असा नाही. समोरच्यानं जोडणी बंद केली असा आहे. हे न ओळखल्यामुळे किती प्रोग्रॅम सीपीयू १०० टक्के खात फिरत बसतात!

तिसरं गृहीतक: उत्तर नाही म्हणजे काम झालं नाही

हे सगळ्यात महागाचं. टाइमआउट झाला तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? नोंद वाटेतच हरवली असेल. किंवा सर्व्हरला पोचली, लिहिली गेली, पण "ठीक" परत येताना हरवलं असेल. किंवा सर्व्हर अजून त्यावर कामच करत असेल. क्लायंटला तिन्ही अगदी सारखंच दिसतं: शांतता.

हा पेच जुना आहे. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला "दोन सेनापती" असं नाव दिलं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मध्ये शत्रूची दरी. निरोप्या पोचला की पकडला गेला, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. पोच मागवली तर ती पोच पोचली का, हा नवा प्रश्न. पोचेवर पोच कितीही वाढवा, शेवटचा निरोप अधांतरीच राहतो.

मी काय केलं होतं? टाइमआउट झाला की पुन्हा पाठव. त्यामुळे दुहेरी नोंदी झाल्या, केंद्राचा आकडा टँकरच्या मापापेक्षा जास्त निघाला आणि वरून लगेच विचारणा झाली. मग मी शक्कल लढवली: दहा मिनिटांत त्याच सभासदाची तेवढ्याच लिटरची नोंद आली, तर ती दुहेरी समजून टाकून द्यायची. आकडे जुळल्यासारखे झाले. मी खूश.

काही दिवसांनी केंद्रावरून फोन आला. एक आजी बिलावरून वाद घालत होत्या. त्या स्वतः ४ लिटरची एक किटली आणायच्या, आणि मागून त्यांचा नातू ४ लिटरचीच दुसरी आणायचा. खातं एकच, माप एकच. माझा प्रोग्रॅम दुसरी किटली रोज गिळत होता. पावती दोन्हींची छापली जायची, कारण सर्व्हर दुहेरी नोंदीलाही "ठीक" म्हणायचा. आजींना लिहिता येत नव्हतं, पण घरातल्या भिंतीवर त्यांनी रोजच्या किटल्यांच्या रेघा ओढल्या होत्या. पावत्या आणि रेघा जुळत होत्या, फक्त आमचा सर्व्हर जुळत नव्हता. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. नोंद जादा झाली तर ती पैसे देणाऱ्याच्या लक्षात येते आणि बोभाटा होतो. कमी झाली तर ज्याचं गेलं त्यालाच कळतं, आणि त्याचं कुणी ऐकेलच असं नाही.

चूक कुठे होती? दोन नोंदी सारख्या दिसतात म्हणून त्या एकच आहेत, असा अंदाज मी बांधत होतो. नोंदीला स्वतःची ओळख हवी. म्हणून उपाय असा: एंटर दाबताक्षणी क्लायंटनं त्या नोंदीला एकमेव क्रमांक द्यायचा. १२८ बिटांचा यूयूआयडी उत्तम. साधा १, २, ३ असा क्रम नको, कारण कॉम्प्युटर फॉरमॅट झाला की तो पुन्हा १ पासून सुरू होतो. नोंद क्रमांकासकट आधी स्वतःच्या डिस्कवर लिहायची, एसक्यूलाइट त्याला पुरेसं आहे. मग पाठवायची. उत्तर नाही आलं तर तोच क्रमांक घालून पुन्हा पाठवायची, दर खेपेला नवा क्रमांक करायचा नाही. सर्व्हरच्या टेबलात त्या रकान्यावर युनिक बंधन घालायचं. क्रमांक आधीच असेल तर नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. मग एकदा पाठवा की दहादा, नोंद एकच.

खिडकीतही प्रामाणिक राहा. "नोंदवली" आणि "सर्व्हरला पोचली" या दोन वेगळ्या अवस्था आहेत, त्या वेगळ्याच दाखवा. पावतीवर तो क्रमांक छापा. उद्या वाद झाला तर माणसाच्या हातात पुरावा हवा, भिंतीवरच्या रेघांवर वेळ येऊ नये.

स्वतःच्या टेबलावर नेटवर्क बिघडवा

आता कामाची गोष्ट. प्रोग्रॅम बाहेर देण्याआधी तीन चाचण्या करा. एक: सर्व्हरला मुद्दाम ३० सेकंद झोपवा. खिडकी हलवता येते का, रद्द करता येतं का? दोन: वाचनाचा बफर १ बाइटचा करा आणि मराठी नाव पाठवा. नाव नीट आलं पाहिजे. तीन: सर्व्हरला नोंद लिहू द्या आणि उत्तर न देता जोडणी तोडायला लावा. नंतर टेबलात नोंदी मोजा. एकच असली पाहिजे. दहा-दहा मिनिटांचं काम आहे. मी तेव्हा ते केलं असतं तर आजींना भांडावं लागलं नसतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की "ॲड्रेस आधीच वापरात आहे" असं येतं. का?

उत्तर: जुनी जोडणी मिटल्यावरही टीसीपी तिला थोडा वेळ टाइम-वेट अवस्थेत ठेवतं, वाटेत रेंगाळलेली पॅकेटं नव्या जोडणीत घुसू नयेत म्हणून. लिनक्सवर ६० सेकंद. तिथे सर्व्हरच्या सॉकेटवर रियूज-ॲड्रेस हा पर्याय लावा. विंडोजवर मात्र त्याच नावाच्या पर्यायाचा अर्थ वेगळा आहे, तिथे दुसरा प्रोग्रॅम तुमचा पोर्ट बळकावू शकतो. तेव्हा आंधळेपणानं लावू नका. आणि आधी नेटस्टॅटनं बघा, सर्व्हरची जुनी प्रत अजून चालूच नाही ना!

प्रश्न: "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "टाइम्ड आउट" यात फरक काय?

उत्तर: रिफ्यूज्ड म्हणजे सहसा घर सापडलं, पण त्या दारामागे कुणी नाही. सर्व्हर चालू नाही, पोर्ट चुकला, किंवा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकतोय, म्हणजे बाहेरच्यांना दार बंद. टाइम्ड आउट म्हणजे काहीच उत्तर नाही: पत्ता चुकला, वायर निघाली, किंवा फायरवॉल गुपचूप पॅकेटं टाकून देतेय.

प्रश्न: आम्ही सरळ एचटीटीपी वापरतो. मग हे सगळं आपोआप होतं ना?

उत्तर: दुसरा प्रश्न सुटतो, निरोपाची हद्द एचटीटीपी सांभाळतं. पहिला आणि तिसरा तुमच्याच गळ्यात. पोस्ट विनंती दोनदा गेली तर काम दोनदा होऊ शकतं, त्याला क्रमांक तुम्हीच द्यायचा. लायब्ररी बदलली म्हणून वाटेत हरवलेलं उत्तर परत येत नाही.

वेळ संपलीय. पुढच्या वेळी येताना त्या तीन चाचण्या आपापल्या प्रोग्रॅमवर करून या, काय सापडलं ते बोलू.