ऊन, ड जीवनसत्त्व आणि कुष्ठरोगाचा जंतू

भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. धान कापणीच्या दिवसांत येथील माणसे सकाळपासून सांजेपर्यंत उन्हात राबतात. तरीही महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे रुग्ण ज्या भागात अधिक आढळतात, त्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे येतात. ऊन आणि हा रोग यांचा काही संबंध आहे काय? आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. हा जंतू फार संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे संसर्गानंतर रोगाची लक्षणे दिसायला बहुधा काही वर्षे जातात. आपल्या शरीरातील भक्षकपेशी जंतूंना गिळून पचवतात. पण हा जंतू त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. काही रुग्णांत जंतू थोडे असतात व चट्टेही मोजकेच. काहींत मात्र ते बेसुमार वाढतात. असे का व्हावे?

येथे ड जीवनसत्त्वाचा संबंध येतो. उन्हातील अतिनील किरण त्वचेवर पडले की ते तेथे तयार होते. यकृतात त्याच्यात एक बदल होतो आणि मूत्रपिंडात दुसरा. मग ते कार्यक्षम होते. हाडांसाठी त्याची गरज असते, हे आपण शिकलो आहोत. परंतु भक्षकपेशीही हा शेवटचा बदल स्वतः घडवू शकते. जंतूची चाहूल लागताच ती त्यासाठी लागणारे विकर बनवते. तयार झालेले ड जीवनसत्त्व पेशीतील एका ग्राही प्रथिनाला चिकटते आणि ‘कॅथेलिसिडिन’ नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार करण्याचा हुकूम सुटतो. हे प्रथिन जंतूचे आवरण फोडते. क्षयाच्या जंतूविरुद्ध ही यंत्रणा कशी चालते, हे २००६ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले.

कुष्ठरोगाचा जंतू याच यंत्रणेवर घाला घालतो. २०१२ साली असे आढळले की, ज्या चट्ट्यांत जंतू उदंड असतात, त्यांत ‘सूक्ष्म-आरएनए २१’ हा छोटासा रेणू वाढलेला असतो. तो त्या विकराची निर्मिती रोखतो. म्हणजे रक्तात कच्चा माल असूनही भक्षकपेशीचा कारखाना बंद पडतो! प्रयोगात हा रेणू निष्प्रभ केला, तेव्हा पेशींची जंतू मारण्याची शक्ती वाढली.

ड जीवनसत्त्वाचे दुसरे काम लगाम घालण्याचे आहे. जंतूंशी लढताना शरीरात दाह होतो, म्हणजे सूज, लाली व वेदना. तो मर्यादेत असावा लागतो. कुष्ठरोगात अनावर दाहामुळे मज्जातंतू दुखावतात, बोटे वाकडी होतात. ड जीवनसत्त्व दाह भडकवणाऱ्या काही रसायनांची निर्मिती कमी करते.

मग गोळ्या घेऊन रोग टळेल काय? एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना तीन वर्षे दर आठवड्याला ड जीवनसत्त्व दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. २०२० साली निष्कर्ष आले. क्षयाच्या संसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. परीक्षानळीत जे घडते, ते माणसात तसेच घडेल असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

कुष्ठरोगावर खरा उपाय आहे तो बहुविध औषधोपचार. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली त्याची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषधे घ्यावी लागतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. उपचार सुरू होताच रुग्णापासून होणारा संसर्ग लवकरच थांबतो. म्हणून त्याला घराबाहेर, वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर तो लपवू नका. शिक्षकांना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. मज्जातंतू दुखावण्यापूर्वी औषध सुरू झाले, तर हात-पाय शाबूत राहतात.