अगरूचा सुगंध आणि परवान्याचा कागद

अत्तराच्या कुपीवर ‘ऊद’ हे नाव दिसले की ग्राहकाला अरबस्तान आठवते. वास्तविक या सुगंधाची एक प्राचीन भूमी आपल्याच ईशान्य भारतात आहे. कामरूपाचा राजा भास्करवर्मन याने सम्राट हर्षाला पाठविलेल्या भेटींत कृष्णागरूचे तेल आणि अगरूच्या सालीवर लिहिलेले ग्रंथ होते, असे बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त नोंदविले आहे. आपल्या ‘अगरबत्ती’तही तोच शब्द मुरलेला आहे.

अगरूचे निरोगी लाकूड फिके, हलके व गंधहीन असते. खोडकिडा ते पोखरतो, जखमेतून बुरशी शिरते आणि प्रतिकार म्हणून झाड गडद राळ निर्माण करते. मोल आहे ते या राळेला. ती कोणत्या खोडात दडली आहे हे बाहेरून नेमके कळत नाही. त्यामुळे रानातील निरोगी झाडेही कुऱ्हाडीला बळी पडली. १९९५ पासून ही प्रजाती संकटग्रस्त जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

यातून दुहेरी नियमन उद्भवते. अंगाला लावण्याचे अत्तर हे सौंदर्यप्रसाधन म्हणून १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या आणि २०२० च्या नियमांच्या कक्षेत येते. त्यातील अगरू मात्र वनविभागाच्या आणि निर्यात धोरणाच्या. रानातील अगरूच्या निर्यातीस मनाई आहे. लागवडीच्या मालाला उगमाचे प्रमाणपत्र आणि साइट्सचा परवाना लागतो.

हे निर्बंध अनाठायी नाहीत. परंतु आज आसाम आणि त्रिपुरातील बहुतेक अगरू जंगलात नव्हे, तर घरांच्या परसात व शेताच्या बांधावर उभा आहे. आजोबांनी लावलेले झाड नातवाने विकायचे, तर ते आपलेच आहे हे त्यालाच सिद्ध करावे लागते. ज्याला कागद जमत नाही, तो दलालाला मिळेल त्या भावाने माल देतो. शासकीय सेवेत असताना मी अनुभवले आहे, की परवान्याची वाट जितकी लांब, तितकी चोरवाट अधिक वर्दळीची.

केंद्राने एप्रिल २०२४ पासून निर्यातीचा नवा कोटा लागू केला. २०२४ ते २०२७ साठी चिपा व भुकटी मिळून १,५१,०८० किलो, तर तेल ७,०५० किलो. हे स्वागतार्ह पाऊल आहे. तथापि कोट्याचा लाभ मोजक्या निर्यातदारांपाशी थांबू नये. परसातील झाडांची नोंद गावपातळीवर, लागवडीच्या वेळीच व्हावी. म्हणजे तोडणीच्या वेळी मालकीचा वाद उरणार नाही. ज्याला झाड विकता येण्याची खात्री आहे, तोच पुढचे रोप लावतो. अगरूचे खरे संरक्षण या खात्रीतच आहे.