नाडीचा करकोचा

परकर घट्ट बांधणाऱ्या बायकांच्या कमरेवर नाडीचा करकोचा असतोच. तिथली कातडी काळवंडते, जाड होते, तिला खवले सुटतात. ही तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात सहसा कुणी येत नाही. खोकल्यासाठी आलेल्या आजींची पाठ तपासताना तो दिसतो.

कातडीच्या कर्करोगाचं खापर आपण उन्हावर फोडतो. गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियात ते योग्यच. आपला सावळा रंग उन्हापासून बराच वाचवतो, पण रोजच्या काचण्यापुढे त्याचं काही चालत नाही. कातडी सोलवटते, भरते, घामाधुळीत पुन्हा सोलवटते. वर्षानुवर्षं चाललेल्या या डागडुजीत एखादी पेशी ताळतंत्र सोडते आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सुरू होतो. भाजल्याच्या जुन्या व्रणात आणि काश्मिरात कांगडीने शेकलेल्या पोटामांड्यांवर होतो, तोही हाच.

धोतर कसून बांधण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच केली होती. पुढे ‘साडी कॅन्सर’ हे नाव रूढ झालं. मला ते अन्यायाचं वाटतं. दोष साडीचा नाही, नाडीचा. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध करताना ‘पेटीकोट कॅन्सर’ म्हटलं, ते अधिक नेमकं. (त्यांतली एक मात्र परकराविना लुगडं नेसणारी होती.)

काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. असे रुग्ण मोजकेच. पण त्या पट्ट्यावरची जखम महिनाभरात भरली नाही, कडा टणक आणि उचललेल्या झाल्या, हात लागताच रक्त येऊ लागलं, तर मलमं बदलत बसू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमं तर खाज शमवून रोग झाकतात. मी आधी जांघेत अवधाण आलं आहे का ते चाचपतो आणि जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवतो. वेळेवर कळलं तर भोवतालच्या निरोगी कातडीसकट जखम काढून काम भागतं; गाठीत उतरलं की शस्त्रक्रिया मोठी होते, कधी किरणोपचारही लागतात.

“सैल बांधली तर साडी सुटेल, डॉक्टर,” हे उत्तर मला नेहमी मिळतं. त्यावर तोडगा शिंप्याकडे आहे: नाडीऐवजी तीनचार बोटं रुंद कापडी पट्टा. बांधायची जागा रोज थोडी वरखाली करावी, रात्री कंबर मोकळी ठेवावी.