एकाच कॉम्प्युटरवर दोन पायथन: जुनी आवृत्ती काढायची की ठेवायची?

आजचा प्रश्न असा आहे, की जो ऑफिसात, कॉलेजच्या लॅबमध्ये, घरच्या लॅपटॉपवर कधी ना कधी येतोच. एक जुना प्रोग्राम पायथन २.७ वर व्यवस्थित चाललाय. आता नवीन काम आलंय आणि त्याला पायथन ३.१२ हवं. मग काय करायचं? जुनं काढून नवं टाकायचं, की दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा?

दोन्हीची गरज नाही. या दोन आवृत्त्या एका मशीनवर गुण्यागोविंदाने राहतात. त्यांचं भांडण जागेवरून होत नाही, नावावरून होतं. म्हणजे काय, ते आज बघू.

नुसतं अपडेट का करू नये?

पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ ला. भाषेतल्या काही जुन्या खोडी काढून टाकायच्या म्हणून त्या वेळी जुन्या प्रोग्रामशी असलेली सुसंगती जाणूनबुजून सोडली गेली. त्यामुळे २ साठी लिहिलेला प्रोग्राम ३ वर जसाच्या तसा चालेलच, याची खात्री नाही.

काही फरक लगेच कळतात. पायथन २ मध्ये ‘प्रिंट’ला कंस लागत नव्हता, ३ मध्ये लागतो. कंस नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. हा त्रास बरा, कारण तो समोर दिसतो.

खरी भीती न दिसणाऱ्या फरकांची. समजा, एका विद्यार्थ्याला सहा विषयांत मिळून ४२५ गुण आहेत. ४२५ भागिले ६ केलं, की पायथन २ सांगतं ७०. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं तर ते अपूर्णांक सोडून देतं. पायथन ३ सांगतं ७०.८३ आणि पुढे आणखी आकडे. आता सवलतीची अट ‘७० पेक्षा जास्त’ अशी असेल, तर त्याच गुणांवर जुनं म्हणेल ‘नाही’ आणि नवं म्हणेल ‘हो’. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. निकाल मात्र बदलला.

आपल्या मराठीचंही एक उदाहरण घ्या. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर पायथन ३ उत्तर देतं ५, कारण ते म, र, काना, ठ आणि वेलांटी वेगवेगळे मोजतं. पायथन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांत तोच शब्द लिहिला आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये असली, तर उत्तर येतं १५. तिथे बाइट मोजले जातात, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. नावांच्या यादीवर काम करणारा प्रोग्राम असेल, तर हा फरक फार महागात पडतो.

म्हणून जुनं काम तपासून नव्यावर आणेपर्यंत दोन्ही आवृत्त्या ठेवाव्या लागतात.

हाक मारली की ‘ओ’ कोण देतो?

एका वाड्यात दोन अण्णा राहतात असं समजा. अंगणातून ‘अण्णा!’ अशी हाक मारली, तर जो दाराजवळ असेल तो बाहेर येईल. तुम्हाला कोणता हवा होता, हे त्याला काय माहीत?

कॉम्प्युटरवर अगदी हेच होतं. प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरमध्ये बसते. पण तुम्ही नुसतं ‘पायथन’ असं टाइप करता, तेव्हा सिस्टिम एक यादी उघडते. तिचं नाव ‘पाथ’. या यादीत फोल्डर ओळीने लिहिलेले असतात. सिस्टिम पहिल्यापासून शोधत जाते आणि ज्या फोल्डरमध्ये ते नाव आधी सापडेल, तोच प्रोग्राम चालवते. पुढे आणखी चार पायथन असले तरी त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणजे नवीन आवृत्ती टाकूनही जुनीच चालत असेल, तर आधी हा क्रम तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘वेअर पायथन’ ही कमांड दिली, की सापडलेले सगळे पत्ते क्रमाने दिसतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण नावाने हाक मारणं. विंडोजवर पायथनसोबत एक छोटा लाँचर येतो. पी आणि वाय ही दोन अक्षरं, मग जागा सोडून डॅश आणि ३.१२ असं लिहा, की ३.१२ चालू होतं. डॅशपुढे २.७ लिहिलं, की २.७. डॅशपुढे शून्य लिहिलं, तर मशीनवर कोणकोणत्या आवृत्त्या आहेत त्यांची यादीच मिळते.

एक लक्षात ठेवा: ३.११ आणि ३.१२ शेजारी शेजारी राहतात. पण ३.१२.१ असताना विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर वापरून ३.१२.४ टाकलं, तर ते आधीच्याची जागा घेतं.

प्रत्येक कामाची वेगळी खोली

आवृत्तीचा प्रश्न सुटला, तरी लायब्ररींचा उरतो. एका प्रोजेक्टला एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. एका पायथनच्या एका फोल्डरमध्ये दोन्ही एकत्र मावत नाहीत. नवी टाकली की जुनी जाते.

यासाठी ‘व्हेन्व’ ही सोय २०१२ साली पायथन ३.३ सोबत आली. ती प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं फोल्डर बनवते आणि त्या कामाच्या लायब्ररी तिथेच राहतात. ते सुरू करताना ‘जादू’ काही होत नाही. ते फोल्डर फक्त ‘पाथ’च्या यादीत सगळ्यांत पुढे आणून बसवलं जातं. अण्णाला दाराजवळ बसवायचं, इतकंच.

पण ही खोली मूळ घराच्या भिंतीला टेकून असते. ज्या पायथनवरून ती बनवली ते काढून टाकलं, तर ती चालत नाही. फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेणंही बरोबर नाही. तिथे लायब्ररींची यादी न्यायची आणि खोली नव्याने बांधायची.

लिनक्सवाल्यांनी इथे जपून

उबुंटूसारख्या सिस्टिमची स्वतःची काही साधनं तिथल्या मूळ पायथनवर चालतात. ते काढलंत किंवा बदललंत, तर अपडेटसुद्धा बंद पडू शकतात. म्हणूनच २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ‘पिप’ तिथे थेट काही टाकू देत नाही, वेगळं फोल्डर बनवायला सांगतं. तो अडथळा मोडून पुढे जाऊ नका. तो तुमच्याच भल्यासाठी आहे.

बाकीच्या सॉफ्टवेअरचं काय?

तिथेही तीन प्रश्न विचारा. प्रोग्राम कुठे बसला? नाव घेतल्यावर कोण उघडतो? आणि माहिती कुठे साठते? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. नव्या आवृत्तीने लिहिलेली माहिती जुनीला वाचता येईलच असं नाही. फायरफॉक्सने २०१९ मध्ये, ६७ व्या आवृत्तीपासून, प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल द्यायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. तेव्हा जुन्या-नव्याला एकाच डेटावर बसवण्याआधी प्रत काढून ठेवा.

आणि शेवटचं. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. एप्रिल २०२० मधली २.७.१८ ही शेवटची आवृत्ती. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींना मूळ टीमकडून दुरुस्ती मिळत नाही. म्हणून जुनीला घरात ठेवा, पण इंटरनेटसमोर उभं करू नका. जुन्या आणि नव्या प्रोग्रामला तीच माहिती द्या, उत्तरं शेजारी ठेवून पडताळा. ती जुळली, की मग जुनीला खुशाल निरोप द्या.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या मशीनवर ‘पायथन’ म्हटल्यावर कोण ‘ओ’ देतं, ते आज एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात!