फिजीचा ऊस, इस्रायलचे मोशाव आणि जमिनीचा कागद

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



गट सभांना गेले की परदेशातल्या शेतीबद्दल दोन नावे हमखास निघतात. ठिबकचा विषय आला की इस्रायल, आणि बाहेर गेलेल्या आपल्या देशातल्या लोकांचा विषय आला की फिजी. एका सभासदाने सरळच विचारले, "साहेब, इस्रायलात गेलेली माणसं वाळवंटात टिकली, आणि फिजीत आपली माणसं हिरव्यागार बेटावर ऊस पिकवून पण का उठली?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पाणी, बेणे, खत यांत सापडत नाही. ते जमिनीच्या कागदात सापडते. म्हणून या अंकात लागवडीचे तंत्र बाजूला ठेवून थोडे वेगळे लिहीत आहे.

फिजी हा पॅसिफिक महासागरातील तीनशेच्या वर बेटांचा देश. १८७४ साली तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८७५ मध्ये आलेले गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी धोरण ठरविले की, मूळ फिजीयन लोकांची जमीन विकली जाऊ द्यायची नाही आणि त्यांना मळ्यावर मजुरीलाही जुंपायचे नाही. धोरण मूळ लोकांच्या दृष्टीने चांगलेच होते. पण वसाहतीचा खर्च निघायला ऊस हवा, आणि उसाला माणूस हवा. तो आणला आपल्या देशातून. मे १८७९ मध्ये 'लिओनिदास' नावाचे पहिले जहाज कलकत्त्याहून फिजीला पोचले. १९१६ पर्यंत अशी सुमारे ६० हजार माणसे गेली. बहुतेक बस्ती, गोंडा, फैजाबाद या भागातली, आणि १९०३ नंतर मद्रासकडचीही.

करार पाच वर्षांचा. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे त्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि ते स्वतःला गिरमिटिया म्हणू लागले. पूर्ण काम झाले तर पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. काम पुरे झाले की नाही ते ठरविणार गोरा कुलंबर आणि त्याच्या हाताखालचा सरदार. राहायला दहा फूट बाय सात फुटांची खोली, तीत तीन सडे पुरुष किंवा एक कुटुंब. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका नेण्याचा दंडक होता, त्यातून जे अनर्थ झाले ते सांगायला वेगळा लेख लागेल. १ जानेवारी १९२० रोजी उरलेली सगळी गिरमिटे रद्द झाली. निम्म्याहून अधिक लोक तोवर तिथलेच होऊन गेले होते.

आता इथून पुढचा भाग आपल्या कामाचा. फिजीतला साखर धंदा कॉलोनियल शुगर रिफायनिंग या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या हातात होता. तिचा नौसोरीचा कारखाना १८८२ साली सुरू झाला, मग बा, लाबासा, लौटोका. गिरमिट संपल्यावर मजूर मिळेना, तेव्हा कंपनीने आपले मळे दहा-बारा एकरांचे तुकडे पाडून हिंदी कुटुंबांना खंडाने दिले. मजुराचा ऊस उत्पादक झाला, पण काटा कंपनीचा, भाव कंपनीचा. १९३७ साली किसान संघ निघाला. १९४३ मध्ये ए. डी. पटेल आणि स्वामी रुद्रानंद यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी भावासाठी ऊस तोडू दिला नाही. ऐन महायुद्धात हे झाले, त्यामुळे सरकार आणि मूळ फिजीयन समाज दोघांचीही नाराजी ओढवली. शेवटी लॉर्ड डेनिंग या इंग्रज न्यायाधीशांनी निवाडा दिला: साखर आणि मळी यांच्या विक्रीतून येणाऱ्या पैशातले ६५ टक्के शेतकऱ्याचे, ३५ टक्के कारखान्याचे, आणि टनामागे किमान भावाची हमी. कंपनीला हे परवडेना. १९७३ मध्ये तिने गाशा गुंडाळला आणि कारखाने सरकारी महामंडळाकडे गेले.

म्हणजे भावाची लढाई त्यांनी जिंकली. आपल्याकडे भावासाठी किती आंदोलने झाली आणि हिशोबाचे सूत्र कसे बदलत गेले हे आपण जाणताच, त्या मानाने हा निवाडा फार पुढचा होता. पण कारखान्याचे मालक ते कधी झाले नाहीत, आणि जमिनीचेही नाहीत.

फिजीत पाचपैकी चार भागांहून अधिक जमीन मूळ फिजीयन लोकांच्या मालकीची आहे. तीही एकेकट्याची नव्हे, सबंध मातांगालीची. मातांगाली म्हणजे आपल्या भाषेत भावकी समजा. ही जमीन विकता येत नाही. १९४० पासून तिचा कारभार एका मध्यवर्ती मंडळाकडे आहे. ते मंडळ खंडाने देते, खंड वसूल करते आणि भावकीत वाटते. पूर्वी या वाटणीत मंडळ आणि कुळाचे प्रमुख यांचाच घास मोठा असे, साध्या भावकीदाराच्या हातात फार थोडे पडे. त्यामुळे "माझ्या जमिनीवर दुसरा ऊस काढून मोटार घेतो आणि मला काय मिळते?" ही त्या माणसाची तक्रारही खोटी म्हणता येणार नाही. हिंदी कुटुंबाला वाटायचे, तीन पिढ्या घाम गाळला. दोन्ही बाजू खऱ्या.

१९६६ च्या कायद्याने खंडाची मुदत किमान दहा वर्षे केली. १९७६ च्या कायद्याने ती तीस वर्षे झाली आणि खंडाला जमिनीच्या मूळ किमतीच्या सहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. तीस वर्षे म्हणजे पुष्कळ, असे त्या वेळी वाटले असेल. पदविकेला असताना कूळ कायदा आम्ही घोकून पाठ केला होता. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कसेल त्याची जमीन! फिजीतला उत्पादक हा कूळच, पण त्याच्या मागे असा कायदा कधी उभा राहिला नाही. आणि राहिला असता, तर तो मूळ लोकांची जमीन काढून घेणारा ठरला असता. हाच तिथला पेच आहे.

१९४६ च्या जनगणनेत हिंदी लोकांची संख्या मूळ फिजीयनांपेक्षा थोडी जास्त भरली. तेव्हापासून जमिनीची भीती आणि मतांची भीती एकत्र झाली. १० ऑक्टोबर १९७० ला देश स्वतंत्र झाला. १४ मे १९८७ रोजी लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी लष्करी उठाव करून, हिंदी लोकांचा मोठा पाठिंबा असलेले नवे सरकार उलथून टाकले. १९९७ पासून तीस वर्षांचे खंड संपू लागले. १९९९ साली ऊस उत्पादकांच्या संघटनेचे नेते महेंद्र चौधरी पंतप्रधान झाले, तर १९ मे २००० रोजी बंदूकधाऱ्यांनी त्यांना संसदेतच धरले आणि ५६ दिवस ओलीस ठेवले. हजारो खंडांचे नूतनीकरण झाले नाही. माणसे राहती घरे सोडून सुवा-लौटोकाच्या कडेच्या झोपडवस्त्यांत गेली. ज्यांची मुले शिकली होती ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघाली. १९८७ नंतर लाखावर हिंदी लोकांनी देश सोडला. १९८६ ला ते साडेतीन लाखांच्या जवळ होते, २००७ ला तीन लाख चौदा हजारांच्या आसपास.

शिकली म्हटले, त्याचेही कारण जमिनीतच आहे बरं का! आर्य समाज, सनातन धर्म सभा, दक्षिणेकडील लोकांचा संगम यांनी गावोगाव शाळा काढल्या. आपल्या नावावर न होणाऱ्या रानात पैसा घालण्यापेक्षा पोराच्या शिक्षणात घातलेला बरा, हे बापाने ओळखले. डॉक्टर, मास्तर, हिशेबनीस झाले. पण तेच आधी देशाबाहेर गेले आणि उसात वयस्क माणसे उरली.

आता इस्रायलकडे वळू. तिथले आपले नाते तर थेट कोकणाशी आहे. अलिबाग-नवगाव भागातले बेने इस्रायल, म्हणजेच शनिवार तेली. घाण्याचा धंदा, शनिवारी काम बंद, आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, बोली मराठी. इंग्रजी अमदानीत यांतले पुष्कळ मुंबईला कारकुनी, रेल्वे, गिरण्या, पलटण यांत शिरले. १४ मे १९४८ ला इस्रायल झाले आणि तेव्हापासून हे लोक तिकडे जाऊ लागले. आज भारतातून गेलेल्यांचा सगळा समाज तिकडे सुमारे ८५ हजारांचा धरतात.

गिरमिटियाला जहाजावरून उतरताच बराक मिळाली. ह्यांना काय मिळाले? १९५० च्या कायद्याने प्रत्येक ज्यू आगंतुकाला तिथे येऊन राहण्याचा हक्क दिला आणि त्या हक्काबरोबरच नागरिकत्व व मत आले. सरकारी घर आणि हिब्रू शिकायला वर्गही होते. हा फरक लहान नाही. पण म्हणून सगळे गोड झाले असे समजू नका. पहिल्या साडेतीन वर्षांत त्या लहानशा देशात जवळजवळ सात लाख माणसे येऊन पडली, तंबू-पत्र्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. मुंबईच्या कारकुनाला बिरशेबा, दिमोना, येरुहाम अशा वाळवंटाच्या गावी नेऊन सोडले. चांगल्या नोकऱ्या युरोपातून आलेल्यांकडे आणि अंगमेहनत आशिया-आफ्रिकेतल्यांकडे, अशी विभागणी होती. १९५१-५२ मध्ये बेने इस्रायलच्या एका गटाने धरणे धरून परत पाठवा म्हटले. त्यांना भारतात आणलेही गेले, त्यांतले बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. १९६२ पासून तर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी यांच्या ज्यूपणाचीच चौकशी सुरू केली. दोन वर्षे चळवळ केल्यावर १९६४ मध्ये संसदेने हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे जाहीर केले, तेव्हा ते निवळले.

मतदार होते म्हणून संसदेला ऐकावे लागले. फिजीतही हिंदी माणसाला मत होते, पण त्याच्या मताने सरकार आले की उठाव होई.

शेतीत गेले ते कोचीनचे ज्यू. हत्तीरोगाच्या शंकेने त्यांना काही वर्षे थांबवून ठेवले होते. १९५३-५५ च्या सुमारास ते आले, आणि यांना मोशाववर पाठविले: नेवातिम, मेसिलात झियोन, तॉझ. मोशाव म्हणजे सहकारी खेडे. प्रत्येक कुटुंबाला सारखी जमीन, कसायची आपली आपण, खरेदी-विक्री मात्र मिळून. केरळात हे छोटे व्यापारी, शेतीचा गंध नाही. कोंबड्या, भाजीपाला, पुढे हरितगृहात फुले असे करत करत शिकले. नेगेव्हातल्या गुलाबाच्या शेतीसाठी नाव झालेले कोचीनचे एलियाहू बेझालेल यांना भारत सरकारने प्रवासी भारतीय सन्मान दिला. ठिबकचा पहिला कारखानाही याच बिरशेबाजवळच्या हात्झेरीम वस्तीत १९६५ साली निघाला.

आता नीट लक्ष द्या. मोशाववाल्याच्या नावावरही जमीन नाही! इस्रायलातली ९३ टक्के जमीन सरकारी किंवा राष्ट्रीय निधीची आहे, विकत नाहीत, बहुधा ४९ वर्षांच्या पट्ट्याने देतात. म्हणजे कूळ फिजीतलेही आणि इस्रायलातलेही. पण इथे पट्टा संपला की पुढचा मिळणार हे गृहीत असते, कारण जमीनमालक सरकार आहे आणि कूळ त्याच सरकारचा मतदार. त्या भरवशावर पाइपलाइन, हरितगृह, शीतगृह यांत पैसा घालायला माणूस धजतो. १९८५ च्या सुमारास मोशाव कर्जात बुडाले, कित्येकांनी शेती सोडून शहरात नोकऱ्या धरल्या, तरी घर आणि पट्टा हातचा गेला नाही.

मात्र ही जमीन रिकामी पडलेली नव्हती, हेही लिहिले पाहिजे. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरादारांतून पळाले किंवा हाकलले गेले. त्यांना परत येऊ दिले नाही आणि त्यांच्या जमिनी १९५० च्या कायद्याने सरकारी ताब्यात गेल्या. गॉर्डनसाहेबाने फिजीत मूळ लोकांची जमीन राखली, त्याची किंमत बाहेरून आणलेल्या मजुराच्या नातवंडांनी मोजली. इस्रायलात बाहेरून आलेल्याला भरवसा मिळाला, त्याची किंमत आधीपासून राहणाऱ्याने मोजली. परदेश दौऱ्यावरून येणारी मंडळी वाळवंट फुलविल्याचे सांगतात. ते खरे आहे, पण हिशोबाची ही बाजू सहसा सांगत नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणुकीने पुन्हा पंतप्रधान झालेले तेच राबुका १४ मे २०२३ रोजी एका प्रार्थनासभेत १९८७ च्या उठावाबद्दल हिंदी समाजाची माफी मागते झाले. त्याच वर्षापासून गिरमिट दिनाची सार्वजनिक सुटीही सुरू झाली. इकडे इस्रायलात बेने इस्रायल लोक 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढत आले आहेत. तिसऱ्या पिढीला ते वाचता येते की नाही हा प्रश्न आहेच.

शेवटी उसाचे. फिजीत १९९४ च्या सुमारास साखर पाच लाख टनांवर गेली होती आणि गाळप चाळीस लाख टनांवर. पुढे गाळप निम्म्याच्याही खाली आले. युरोपचा चढा भाव २००९ नंतर गेला, २०१६ च्या विन्स्टन वादळानंतर पेनांगचा कारखाना बंद झाला. ही कारणे आहेतच. पण शेतात काय दिसते? खोडव्यावर खोडवा. आपण तिसऱ्या खोडव्याला नाक मुरडतो, तिथे त्याच्या किती तरी पुढे जातात. बेणे, नांगरट, सरी यांचा खर्च लागवडीच्या वर्षी होतो आणि फेडायला तीन-चार हंगाम लागतात. ज्याच्या पट्ट्याची दोनच वर्षे उरली आहेत तो नवी लागण करीलच कशाला?