दबा धरून बसलेला शत्रू

आमच्या कोलकात्यात चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवर १९३२ साली सुरू झालेली अखिल भारतीय स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. तेव्हाचे शत्रू मलेरिया, कॉलरा. उघड चाल करून येणारे. रक्तदाब, मधुमेह मात्र दबा धरून बसतात. दुखत-खुपत काही नाही, आणि आत हृदय, मूत्रपिंड, डोळे झिजत राहतात. म्हणून तिशीनंतर तपासणी हवीच. फौजेत ती दरवर्षी सक्तीची होती. इथे आपली आपणच लावून घ्यायची. रक्तदाब १४०/९० च्या वर राहिला, तर डॉक्टरांना गाठा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आणि रक्तदाब उतरला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका. तो गोळीमुळेच उतरलाय. सीमेवर शांतता आहे म्हणून पहारा कोणी उठवतं का?