इंग्रजी क्रियाविशेषणांचा तमभाव

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागल्याने त्या भाषेचा पाया घालण्याचे काम प्राथमिक शिक्षकाकडे आले आहे. या पायात ज्या चुका हमखास शिरतात, त्यांत क्रियाविशेषणांच्या तमभावाची गणना करावी लागेल.

तिघांची किंवा अधिकांची तुलना करून क्रियेतील परमावधी दाखविणारे रूप म्हणजे तमभाव. मराठीत त्यासाठी शब्दाचे रूप सहसा पालटत नाही. आधी 'सर्वांत' हा शब्द ठेवला की काम भागते. इंग्रजीत मात्र दोन मार्ग आहेत. 'फास्ट', 'हार्ड', 'सून', 'अर्ली' अशा आटोपशीर शब्दांस 'एस्ट' हा प्रत्यय लागतो. विशेषणास 'ली' लावून बनलेल्या 'केअरफुली', 'ब्यूटिफुली' यांसारख्या शब्दांपूर्वी 'मोस्ट' येतो. 'वेल'चे 'बेस्ट' व 'बॅडली'चे 'वर्स्ट' ही रूपे पाठच करावयाची.

मुलांच्या चुकांचे मूळ बहुधा मराठीच्या सवयीत असते. 'सर्वांत'च्या जागी 'मोस्ट' घालून ती 'मोस्ट फास्टेस्ट' म्हणतात. गणितातील 'लघुतम' या शब्दात 'तम' असताना 'सर्वांत लघुतम' म्हणणे जसे द्विरुक्त, तसेच हे होय. 'सुंदर अक्षर' व 'सुंदर लिहिते' यांत मराठीस एकच शब्द पुरतो. म्हणून 'राइट्स मोस्ट ब्यूटिफुल' असे लिहिले जाते. तेथे 'मोस्ट ब्यूटिफुली' हवे. 'सर्वांत' यातील सप्तमीमुळे 'इन ऑल' असेही उमटते. समूहातील व्यक्तींशी तुलना असता 'ऑफ ऑल', व स्थळ सांगावयाचे असता 'इन द क्लास' म्हणावे.

येथे शिक्षकानेही एक दक्षता बाळगावी. 'शी रन्स फास्टेस्ट' आणि 'शी रन्स द फास्टेस्ट' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. 'द' नाही एवढ्यावरून गुण कापल्यास बरोबर लिहिणाऱ्या मुलावर अन्याय होतो.

हा पाठ मैदानावर घ्यावा. तीन मुलांना धावावयास लावून पहिले वाक्य मराठीत म्हणवून घ्यावे व लगेच इंग्रजीत. मग फळ्यावर दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून 'सर्वांत' हा शब्द इंग्रजीत कोठे गेला, हे मुलांनाच शोधू द्यावे.